गोठवलेली पत

आर्विड टोलेफसनने मुलीचं क्रेडिट कार्ड केकच्या, मध्ये भोक असलेल्या गोल भांड्यात ठेवलं, वरून नळाचं पाणी ओतलं आणि भांडं फ्रीझरमध्ये सरकवलं. दुसरं भांडं मोकळंच नव्हतं. घरातल्या सगळ्या डब्यांत त्याच्या बायकोने, मार्लिसने, हिवाळ्याचं सूप भरून ठेवलं होतं.

"झालं! कार्ड तुझ्या नावावर, पण तुझ्या हातात नाही," तो लेकीला म्हणाला.

"बाबा, मला कार्ड नकोच आहे. मला घर हवंय," सोल्वेग म्हणाली.

सोल्वेगला डुलुथ शहरातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागायची होती आणि तिथलं तळ्याकाठचं एक छोटं घर तिच्या मनात भरलं होतं. घर होतं आमच्या चर्चमधल्या आर्डिसबाईंच्या भाच्याचं, कर्टिसचं. भाडेकरूची पत तपासल्याशिवाय तो किल्ली देत नसे. सोल्वेगने जन्मात कुणाकडून उधार घेतलं नव्हतं, आणि उधारी नाही म्हणजे पत नाही, हा आमच्या अमेरिकेतला न्याय. म्हणून मार्लिसने तोड काढली होती. घरच्या जुन्या कार्डाच्या खात्यावर लेकीचं नाव घालायचं, म्हणजे इतक्या वर्षांच्या वेळेवरच्या फेडीचं पुण्य तिलाही लागेल.

आर्विडने होकार दिला, पण प्रवचनासकट. "मी कधी कुणाचा पैसा उचलला नाही. ट्रक रोख, बोट रोख. म्हणून टोलेफसन नावाला पत आहे!"

मार्लिस भांडी विसळत राहिली.

वसंत येईपर्यंत सोल्वेगची पत चांगली बाळसेदार झाली. नोकरीही पक्की झाली. कर्टिस म्हणाला, "सोमवारी कळवतो." आदल्या दिवशी, रविवारी, चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण होतं. लाल सरबताच्या मोठ्या काचपात्रात बर्फाचं कडं सोडायचा मान दरवेळी मार्लिसचा. त्यासाठी तिने नवं भांडं आणून कडं गोठवलं होतं.

"आर्विड, फ्रीझरमधलं कडं घेऊन ये रे!"

फ्रीझरमध्ये कडी दोन होती. आर्विडने हाताला लागलं ते उचललं आणि मोठ्या ऐटीत सरबतात सोडलं. बर्फ पांढराफेक जमला होता, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा आर्डिसबाईंनी सरबतात पळी बुडवली, तर पळीत कार्ड आलं.

त्यांनी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं, "सोल्वेग टोलेफसन." मग त्या मार्लिसकडे वळल्या.

"मार्लिस, अगं हे... वेगळंच आहे हं."

आमच्या मिनेसोटात कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. 'वेगळं आहे' म्हटलं की समजायचं, निकाल लागला.

आर्विड सारवासारव करायला धावला. "मीच गोठवलंय ते! तिच्या हाताला लागू नये म्हणून!"

त्याने लेकीची होती नव्हती ती अब्रूही घालवली. पाद्रीसाहेबांनी सोल्वेगच्या खांद्यावर हात ठेवला. एका म्हातारीने उरलेला सगळा, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश तिला बांधून दिला, जणू पोरगी उद्यापासून उपाशीच राहणार होती.

संध्याकाळी कर्टिसचा फोन आला. "सोल्वेग, कागदावर तुझी पत उत्तम आहे. पण मावशी म्हणते, तुझं कार्ड बर्फात कोंडून ठेवावं लागतं. घरच्या कुणाची तरी हमी मिळेल का?"

सोल्वेगच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्विडने तिच्या हातातला फोन ओढून घेतला. "माझी हमी! माझी पत हवी तितकी तपास!"

सोमवारी कर्टिसचा पुन्हा फोन आला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आर्विडने मुद्दाम स्पीकर लावला.

"आर्विडकाका, जरा अवघड आहे. तुमच्या नावावर कधी काही उधारीच नव्हती. एक कार्ड दिसतंय, पण त्यावरही तुमचं नाव नुसतं जोडलेलं आहे, सोल्वेगसारखंच. खातं मार्लिसकाकूंचं आहे, आणि नुसत्या जोडलेल्या नावाची हमी चालत नाही."

"काहीतरी चुकतंय!"

"काही चुकत नाहीये," मार्लिस म्हणाली. "आपलं नवीन लग्न झालेलं तेव्हा तुला पेट्रोलपंपवालासुद्धा कार्ड देईना. तू रुसून बसलास, म्हणून मी माझ्या खात्यावर तुझं नाव घातलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू मासे पकडायला निघाला होतास." मग ती फोनकडे वाकली. "कर्टिस, हमीला माझं नाव लिही."

पलीकडे थोडा वेळ बटणांचा आवाज आला आणि मग एक लांब शीळ. "काकू, किल्ली कधी पाठवू?"

सोल्वेग आईच्या गळ्यात पडली. दोघी हसत होत्या, रडतही होत्या. "म्हणजे बाबा," ती नाक पुसत म्हणाली, "आपण दोघंही आईच्याच जिवावर!"

आर्विडलाही हसू आवरेना. लेकीला घर मिळालं होतं, त्यापुढे बाकी कशाचं त्याला काही वाटलं नाही.

मार्लिसने सरबतातून निघालेलं चिकट कार्ड धुऊन पुसून लेकीच्या हातात ठेवलं. "नव्या घराला पडदे घे. बिल आलं की लगेच भर." मग तिने केकचं रिकामं भांडं नळाखाली धरलं आणि दुसरा हात नवऱ्यापुढे केला.

"बोटीला नवीन इंजिन बघत होतास ना? आण तुझं कार्ड."

आर्विडने मुकाट्याने पाकीट काढलं.