तीनशे साठ देठांचं विमान

विमान या विषयावर शहापुरात अधिकारानं बोलू शकेल असा माणूस एकच, आणि तो मी. इतरांनी विमान खालून पाहिलं होतं. मीही खालूनच पाहिलं होतं, पण मान अवघडेपर्यंत. शिवाय आसनगाव स्टेशनात हमाली करताना, एका गोऱ्या सोल्जरनं डब्यातून फेकलेलं मासिक मला मिळालं होतं. त्यातल्या चित्रात एक मनुष्य जमिनीवर उभा राहून, हातातल्या पेटीचं बटण दाबून, चांगलं मोठं विमान रेडिओनं वळवत होता. मला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती.

विमान करायचं कारण माझा थोरला भाऊ, लडकूदादा. तो लढाईत विमानांचा फिटर होता. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात तार आली: ब्रह्मदेशाच्या हद्दीवर विमान बेपत्ता, दादा त्यात. त्याच पंधरवड्यात आमची म्हैस आटली. घरातले कर्ते धाकलूकाका. त्यांनी दोन्हींचा संबंध जोडला.

"त्याचा जीव अडकलाय रे. देह गावत नाय तवा पळसाचा माणूस करून अग्नी देतात."

"काका, म्हैस म्हातारी झालीय."

"म्हातारी काय एका दिवसात होते?"

भटजींना विचारून त्यांनी पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ आणून ठेवले. अग्नी दिला की बाईजावहिनीचं कुंकू पुसायचं, हे मात्र कुणी बोललं नाही. वहिनी गोठ्यात जाऊन बराच वेळ म्हशीपुढे बसली. तिची समजूत घालत असावी.

मग मला म्हणाली, "भावजी, इंजिन बंद पडलं का विमान धोंड्यासारखं पडतं?"

"छे. घारीसारखं उतरतं. खाचरात अलगद."

"मग काकांना दावा ना तसं."

काका दोन दिवस कबूल होईनात. शेवटी म्हणाले, "तुजं विमान शाबूत उतरलं तर रीतीपरमानं बारा वर्सं थांबू. मोडलं तर त्याच्या पुढल्याच सोमवारी अग्नी."

बांबू होते, पण बरगड्यांना बारीक काड्या मिळेनात. वहिनीनं ती देठांची मोळी आणून माझ्यापुढे टाकली. "यांचा माणूस नको. विमान करा."

बांबूचा कणा, देठांच्या बरगड्या, वर दादाचं धोतर आणि धोतराला भाताच्या पेजेची खळ. पंख सात हात. घराची ओटी भरून गेली. पंधरा दिवस आम्ही पंखाखालून वाकून ये-जा करत होतो. काका वाकत नसत. त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं, तेही त्यांनी म्हशीच्याच खाती टाकलं.

रेडिओ म्हणजे विमानाच्या पोटात लोखंडाचा कीस भरलेली काचेची नळी आणि माझ्या पेटीत भंगारातल्या लॉरीची कॉइल. बटण दाबलं की शेपूट वळायचं. तीनदा दाबलं की एकदा. उरलेल्या दोन वेळा झटका बसून मी वळायचो.

वहिनीनं एकदा विचारलं, "या पेटीनं किती लांबचं वळतं?"

"मैलभर असेल."

"आणि पेटी मोठी केली तर?"

मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा मनुष्य आहे. या वेळी मी कॉइलची तार सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली.

पौषात, खाचरं मोकळी झाल्यावर, सापगावजवळच्या टेकडीवरून सगळ्यांच्या देखत विमान सोडलं. ते खाली यायचं होतं. ते वर गेलं. मी बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच दाबात शेपूट वळलं, आणि विमान डोंगराकडे तोंड करून निघालं. पुढे मी चाळीस वेळा बटण दाबलं. विमानानं लक्ष दिलं नाही. डोंगराच्या धारेपलीकडे, मुरबाडच्या अंगाला, ते दिसेनासं झालं.

"मोडलं का उतरलं?" काकांनी विचारलं.

"दिसलं नाय."

"मग मी काय समजू?"

शोधून बघायचं ठरलं.

तीन दिवस मी आणि काका रान तुडवत होतो. काका दरीच्या तोंडाशी उभे राहून हाका मारत. विमानाला हाका मारून उपयोग नाही हे सांगायला मी जवळ गेलो. ते लडकूला हाका मारत होते. मी न सांगताच परत आलो.

चौथ्या दिवशी मी एकटाच डोंगरापलीकडच्या ठाकूरवाडीत पोचलो. नामा ठाकूर झोपडीपुढे कोयत्याला धार लावत होता.

"तुजं व्हतं का ते? ऐनाच्या झाडावर आपटलं. पार चुरा झाला."

पंखावरच्या धोतराची झोळी करून त्याच्या बायकोनं, लहानीनं, त्यात तान्हं पोर निजवलं होतं.

"आन् काड्या?" मी विचारलं.

नामानं चुलीकडे बोट केलं. "सुक्या व्हत्या. बेस पेटल्या."

लहानीनं माझ्यापुढे नाचणीची भाकरी ठेवली. "खा रं पावन्या. आताच भाजलीय."

तीनशे साठ देठांना अग्नी मिळाला होता. भटजी नाही, मंत्र नाही, सोमवारही नव्हता. तरी काकांच्या हिशेबानं माझा भाऊ त्या चुलीत गेला होता, आणि मला सकाळपासून भूक लागली होती. मी दीड भाकरी खाल्ली. पाणी प्यालो. नामाला म्हटलं, कुणी विचारलं तर तू काही पाहिलं नाहीस. त्यानं का म्हणून विचारलं नाही. शहाणा माणूस.

घरी काका दारातच होते, त्यांच्यामागे वहिनी.

"गावलं?"

"नाय," मी म्हटलं. "कुठंच नाय."

काका उंबऱ्यावर बसले. "मग थांबाया पायजे," ते म्हणाले. त्यांचा आवाज सुटका झाल्यासारखा आला.

"पडताना कुणी बघितलं नाय ना?" वहिनीनं विचारलं.

"नाय."

ती आत गेली आणि माझं ताट वाढून घेऊन आली. भूक नाय, असं मी बोलून गेलो. चार दिवस रानात वणवण करून आलेल्या माणसाला भूक नाही, म्हणून वहिनी ताट हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग मी मुकाट्यानं खाली बसलो आणि पोटभर जेवलो.