सासूबाईंचा सोऱ्या आणि माझं माप

सासूबाईंचा सोऱ्या मी दुरुस्त करून देतो, असं मी आपणहून म्हणालो. कुणी बळजबरी केली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. (माझी बायको शशिकला हे लेखी मागते आहे.)

झालं असं की सासूबाई, म्हणजे लक्ष्मीबाई, दिवाळीला नाशिकहून दोह्याला आल्या त्या आपला तीस वर्षांचा पितळी सोऱ्या घेऊनच. शुक्रवारी दुपारी दोह्याजवळच्या अल वक्रामधल्या आम्हा मराठी कुटुंबांचा फराळ होता आणि शशिकलानं दोनशे चकल्यांचा शब्द दिला होता. तो मोडणं शक्य नव्हतं. गेल्या वर्षी याच फराळाला आमच्यातल्या नमितानं आणलेल्या चकल्यांच्या फोटोखाली आमच्या हिनं ग्रुपवर लिहिलं होतं, "छान दिसतायत, कुठल्या दुकानातल्या?" तेव्हापासून नमिता दबा धरून बसली होती.

मंगळवारी नमुन्याचा घाणा काढताना लक्षात आलं की दट्ट्या दाबला की पीठ बाजूनं वर येतं.

"सैल झालाय जरासा," सासूबाई म्हणाल्या. "दट्ट्याला पिशवीचा तुकडा गुंडाळायचा. दहा वर्षं तेच करतेय मी."

आता मी रास लफानच्या गॅस प्रकल्पात इन्स्पेक्शन इंजिनिअर. पाइप आणि व्हॉल्व्हची मापं घ्यायची आणि चुकलेल्या कामाला लाल टॅग लावायचा, हा माझा धंदा. माझ्या घरात पिशवीचा तुकडा चालणार नव्हता. शिवाय यातलं तंत्र मला ठाऊक होतं. सहा महिने मी कंपनीच्या बसमध्ये एका अमेरिकन आजोबांचे व्हिडिओ बघतोय. ते गॅरेजमध्ये बसून रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा मापात आणतात. गोळी सुटली की पुंगळी फुगते. मग तिला तेलाचं बोट लावायचं, साच्यात दाबायची, काढून मोजायची. केसभर जास्त दाबली की वाया गेली. (मी स्वतः बंदूक एकदाच धरली, जत्रेत. फुगे सगळे शाबूत राहिले.) मला वाटलं, पितळ ते पितळ. तीस वर्षं चकल्या सोडून सोऱ्याचं नळकांडंही फुगलं असणार.

व्हर्नियर लावून वरच्या तोंडाशी माप घेतलं. दट्ट्याभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट. आमच्या कामात एवढ्यावर लोकांची झोप उडते.

बुधवारी मी वर्कशॉपमध्ये शिवराजला गाठलं. हा लातूरकडचा फिटर, हाताचा मोठा कसबी, पण आदल्याच आठवड्यात त्याच्या एका कामाला मी लाल टॅग लावला होता. त्यानं भंगारातल्या स्टीलची एक कडी मापात कातून दिली.

"सर, हे कशाला लागायलंय?"

"सोऱ्या बारीक करायला."

"आमची माय चिंधी लावती."

"शिवराज, अचूकपणा म्हणून काही असतं."

"बरं सर," तो म्हणाला. मी त्याला शुक्रवारच्या फराळाला बोलावलं आणि त्याचा वाइस, म्हणजे लोखंडी शिकंजाही, उसना आणला.

गुरुवारी बाल्कनीत बसून मी नळकांडं कडीत घालून वाइसमध्ये दाबलं. तेल लावून, जरा जरा, दर वेळी मोजत, अगदी आजोबांसारखं. शेवटी दट्ट्या तोंडाशी असा चपखल बसला की मला भरून आलं.

"खालपर्यंत घालून बघा ना," शशिकला म्हणाली.

"अगं, तोंडाशी बसला म्हणजे बसला."

शुक्रवारी सकाळी तेल तापलं, भाजणीचं पीठ सोऱ्यात भरलं गेलं. पहिली चकली सुबक आली. दुसरीचे दीड वेढे झाले आणि दट्ट्या मध्येच थांबला. मी जोर लावला. मग दोघांनी मिळून लावला. दट्ट्या खाली जाईना आणि वरही येईना.

"अहो, तीन तास उरलेत," शशिकला म्हणाली. ती चिडली असती तर मला चाललं असतं, पण तिचा आवाज रडवेला होता आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात शिवराज, फराळाआधी वाइस परत न्यायचा म्हणून, मिठाईचा डबा घेऊन आला. त्यानं सोऱ्या बघितला, चकती काढून खालच्या तोंडाला माझाच व्हर्नियर लावला.

"सर, वरच तेवढा झिजून सैल होता. खाली बराबर होता. तुम्ही समदाच दाबलाव." मग अगदी हळू आवाजात, "एकाच जागी मापलं का?"

त्याच्या कामावरच्या लाल टॅगवर मी हेच लिहिलं होतं: एकाच ठिकाणी माप, नामंजूर.

सासूबाईंनी मात्र चमच्यानं सोऱ्यातलं पीठ उकरून परातीत घेतलं. "पीठ तेच आहे. कडबोळी करू. त्याला हातच लागतात."

मग आम्ही चौघं फरशीवर बसून पीठ वळायला लागलो. शिवराजची कडबोळी एकसारखी येत होती, तीही कसलंच माप न घेता. मी वळलेली मात्र सासूबाई एका वेगळ्या वाटीत ठेवत होत्या.

फराळाला नमितानं आमचा डबा उघडला, आत चकल्या नाहीत हे बघून तिचा चेहरा खुलला. मग तिनं एक कडबोळं तोंडात टाकलं, दुसरं घेतलं, आणि तिसरं घेताना विचारलं, "शशिकला, मला शिकवशील?" बायकोनं माझ्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या नजरेत माफी होती. आपल्या चुकीतूनच कडबोळी झाली, असा एक विचार माझ्या मनात डोकावून गेला.

घरी आल्यावर मी चहाबरोबर खायला डबा शोधला. ओट्यावर एका वाटीत मी वळलेली अकराच्या अकरा कडबोळी तशीच होती. फराळाला त्यांना कुणी नेलंच नव्हतं. वाटीला माझ्याच बॅगेतला लाल टॅग बांधला होता आणि त्यावर शिवराजचं अक्षर होतं: तीन ठिकाणी मापलं, तिन्ही ठिकाणी वेगळं. नामंजूर.

खाली इन्स्पेक्टरच्या रकान्यात सही सासूबाईंची होती.