पांडेकाकांचे कान

माझ्या एसीत आजवर लोकांनी पुष्कळ दोष काढले आहेत. तो पाणी गाळतो, खडखडतो, ऐन जुलैत मान टाकतो. पण तो बेसूर आहे, हे सांगायला दार ठोठावून आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुमचा एसी आणि माझा एसी यांच्यात अर्ध्या सुराचं अंतर आहे," तो गृहस्थ इंग्रजीत म्हणाला. "दोघं दिवसभर भांडतात. तुम्ही तुमच्याला समजावून सांगा, मी माझ्याला सांगतो."

कुवेतच्या जाब्रिया भागातल्या त्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला जेमतेम तीन दिवस झाले होते. समोर साठी उलटलेला एक गोरा माणूस, डोक्यावर पांढऱ्या केसांचं रान, अंगात उलटा घातलेला टी-शर्ट आणि हातात सूर तपासायचा लोखंडी चिमटा. तो चिमटा त्यांनी माझ्या दाराच्या चौकटीवर आपटून मला ऐकवलासुद्धा. मी आत येऊन बायकोला, मीनलला, सांगितलं की शेजारी वेडा आहे. मीनल म्हणाली, "असू द्या. बाकीचे कुठं शहाणे हायेत?"

त्यांचं नाव पांडेलिस. आडनाव इतकं लांब की हारिसनं, म्हणजे आमच्या वॉचमननं, ते दारावरच्या पाटीवर लिहायला घेतलं तेव्हा आडनावाच्या मध्यावरच पाटी संपली. मीनलनं आठवड्याभरात त्यांचे पांडेकाका करून टाकले. ते नाव बिल्डिंगभर इतकं रुजलं की चौथ्या मजल्यावरचे मिश्राजी त्यांना होळीचं बोलावणं करायला गेले आणि "आप बनारस साइड के हैं?" असं विचारून आले. पांडेकाका "येस, येस" म्हणाले आणि होळीला गेलेही.

पांडेकाका संगीतकार. साधेसुधे नव्हेत, सात तासांचा ऑपेरा लिहिलेले. ऑपेरा म्हणजे त्यांच्याकडचं संगीत नाटक. डोंगर चढणाऱ्या एका धनगराची गोष्ट. पहिल्या अंकात तो पायथ्याशी असतो आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटीही पायथ्याशीच असतो. त्याचा प्रयोग अथेन्समध्ये एकदाच झाला. सुरुवातीला तीनशे लोक होते, शेवटी अकरा उरले, आणि त्यातले दोघे झोपलेले होते.

"पण नऊ जण जागे होते, डॉक्टर!" पांडेकाका बोट वर करून सांगत. मी डॉक्टर नाही. दवाखान्यात लोकांचे कान तपासणारा तंत्रज्ञ आहे. पण त्यांच्या लेखी पांढरा कोट घालतो तो डॉक्टर.

मीनलला सात तासांचं काहीच वाटलं नाही. "आमच्याकडं पूर्वी संगीत नाटक पहाटेपर्यंत चालायचं म्हणावं," तिनं मला सांगितलं, "अन् लोक वन्समोअर घ्यायचे." मी ते भाषांतर करून सांगितल्यावर पांडेकाका सोफ्यावर बसले. "पो पो पो!" म्हणाले. हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. आश्चर्य, दुःख, महागाई, कुवेतचा उन्हाळा, काहीही असो, पो पो पो. "डॉक्टर, मी चुकीच्या देशात जन्मलो."

खरं तर त्यांच्या देशात त्यांची एक धून पोराटोरांना पाठ होती. ती बिस्किटाच्या जाहिरातीची होती आणि चार सेकंदांची होती. ऑपेराला बारा वर्षं लागली, बिस्किटाला बस येईपर्यंतचा वेळ. एकदा सुपरमार्केटमध्ये कोणा ग्रीक बाईनं त्यांना ओळखलं आणि आनंदानं ती धून गुणगुणली. पांडेकाका भरलेली ट्रॉली तिथेच सोडून घरी आले. "चार सेकंद! माणसाचं अख्खं आयुष्य चार सेकंदांत कोंबलं त्यांनी!" दुसऱ्या दिवशी मी भीतभीत विचारलं की ती धून नेमकी होती तरी कशी. त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढे तिकडे नाटकं बंद पडत गेली, कामं आटली, आणि बारा वर्षांपूर्वी पांडेकाका कुवेतला, रुमैथियातल्या एका शाळेत संगीतशिक्षक म्हणून आले. तिथे ते मुलांना प्लॅस्टिकच्या बासऱ्या वाजवायला शिकवतात. एका वर्गात तीस मुलं, म्हणजे तीस बासऱ्या. संध्याकाळी ते जिना चढताना दिसले की त्यांना काही विचारायचं नाही, हा नियम मीनलनं घातला होता.

मीनलची आणि त्यांची गट्टी वेगळीच. ती लातूरच्या मराठीत बोलायची, ते ग्रीकमध्ये, आणि दोघांचं भाषेवाचून काही अडायचं नाही. शिवाय आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम पांडेकाकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मीनल फोनवर बहिणीशी बोलायला लागली की शिट्ट्यांचा हिशोब सुटतो. तिसरी शिट्टी झाली की समोरच्या फ्लॅटमधून आरोळी यायची, "मॅदाम! त्रिया!" लगेच गॅस बंद. राजमा असला तर मीनल आधी जाऊन हाताची पाच बोटं दाखवून यायची.

मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आमची डाळ करपली. मीनल फोनवर होती आणि समोरून आरोळी आलीच नाही.

"हे काय म्हणायचं?" ती म्हणाली. "घरात तर हायेत. बरं बिरं नाही का काय, बघून येते."

गेली ती तासाभरानं परतली. डोळे लाल. "चला तिकडं," म्हणाली. "मला निम्मं कळलं, निम्मं तुम्ही विचारा."

पांडेकाका जमिनीवर बसले होते. पुढ्यात एक जुना कॅसेट प्लेअर आणि एकच कॅसेट. त्यांच्या बायकोचं नाव एलेनी. ती गायिका होती हे मला तोवर माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी ऑपेरातला धनगर, त्याची बकरी, थिएटरचा मालक, सगळ्यांबद्दल सांगितलं होतं. हिच्याबद्दल एक अक्षर नाही. ऑपेराचा शेवटचा प्रवेश एलेनी एकटी गायली होती आणि कोणीतरी तो टेप केला होता. पुढे ती आजारात गेली. ते कुवेतला आले ते त्यानंतर दोन महिन्यांनी.

"शेवटी ती एक सूर लावते," ते म्हणाले. "खूप वरचा. दर शुक्रवारी मी तो ऐकतो. हल्ली तो येत नाही, डॉक्टर. ती तिथवर येते आणि नुसती खरखर ऐकू येते. टेप झिजली. मीच ऐकून ऐकून झिजवली."

खैतानमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे ते जाऊन आले होते. त्यानं म्हणे कॅसेट हातातसुद्धा घेतली नाही, "खलास" म्हणाला. मी म्हटलं, आम्हाला एकदा ऐकवा, टेप झिजली की नाही ते आम्ही सांगतो. पांडेकाकांनी कॅसेट पटकन छातीशी धरली. एकदा वाजवली की आणखी थोडी झिजणार. उरलीसुरली एलेनी ते आमच्या शंकेपायी खर्च करायला तयार नव्हते.

मीनल मला मराठीत म्हणाली, "अहो, यांना शिट्टी ऐकू आली नाही. टेप कशाला, कान बघा त्यांचे."

मी पांडेकाकांना तसं सांगितलं. त्यांनी कॅसेट अलगद मांडीवर ठेवली. "म्हणजे कान बिघडले असतील, तर टेप चांगली आहे?"

"असू शकेल."

"उद्या किती वाजता येऊ?"

कान बिघडलेले निघावेत म्हणून नवस बोलल्यासारखा आलेला दुसरा पेशंट मी पाहिला नाही. इस्त्रीचा शर्ट, तोही सुलट. आवाजबंद खोलीत मी त्यांना बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. मी काचेबाहेरून एकेक सूर सोडत गेलो. ते डोळे मिटून बटण दाबत गेले. खालचे सूर, मधले, वरचे, अगदी टोकाचे. एकही चुकला नाही.

"पांडेकाका, अभिनंदन!" मी दार उघडून म्हटलं. "विशीतल्या मुलाचे कान आहेत!"

त्यांचा चेहरा उतरला. हेडफोन त्यांनी हळूच काढून ठेवले आणि "थँक्यू, डॉक्टर" म्हणून निघून गेले. पो पो पोसुद्धा म्हणाले नाहीत. मला माझाच राग आला.

त्यानंतर तीन दिवस त्यांचं दार उघडलं नाही. मीनलनं दोनदा दाराशी डबा ठेवला, दोन्ही वेळा तो तसाच परत आणला. चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "नेमकं काय करता तुम्ही तिथं? मला दाखवा."

मी ताटाच्या कडेवर बोट आपटून दाखवलं. इथे सूर सोडायचा, थांबायचं, मग पुन्हा सोडायचा. दोन-तीनदा दाखवल्यावर तिनं डोळे मिटले, कानांत बोटं घातली आणि माझ्याबरोबर मान डोलवू लागली. बरोबर माझ्या प्रत्येक बोटाला.

"अहो, तुम्ही ठेका धरायलात की!" ती ओरडली. "मला न ऐकता कळतंय पुढचा कधी येणार ते. मग त्यांना नाही कळायचं? जन्मभर तेच केलंय त्या माणसानं!"

माझा घास हातातच राहिला. दोन सुरांमधलं अंतर कमीजास्त ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. अठरा वर्षांच्या सवयीनं माझ्या हाताला लय लागली होती. साध्या पेशंटला त्यानं फरक पडत नाही. इथे समोर अख्खा संगीतकार बसला होता. त्यांनी फसवलं नव्हतं. ठेका चालू आहे तोवर पुढची मात्रा सोडून देणं त्यांच्या हातून होण्यासारखंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना अक्षरशः ओढून नेलं. या वेळी सूर वेडेवाकडे सोडले. कधी लागोपाठ दोन, कधी अर्धा मिनिट काहीच नाही. "काय हे! ताल नाही, काही नाही!" पांडेकाका आतून वैतागले. खालचे सूर त्यांनी सगळे पकडले. वर जाऊ लागलो तसं बटण दाबणं कमी होत गेलं, आणि मग नुसतेच डोळे मिटून बसलेले पांडेकाका दिसत राहिले. कागदावरची रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती. शाळेतली मुलं हल्ली फार छान वाजवायला लागलीत, असं ते महिनाभर सांगत होते. त्याचाही उलगडा झाला.

संगीतकाराला हे कसं सांगायचं? मी घसा साफ केला, कागद पुढे केला, मोठ्यानं आणि सावकाश म्हणालो, "पांडेकाका, वरचे सूर तुम्हाला जवळजवळ ऐकू येत नाहीत. ते आता परत यायचे नाहीत. मशीन लावून थोडा फरक पडेल."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग कंपाउंडरचे घेतले. मग तो कागद हवेत धरून बाहेर बसलेल्या पेशंटांना दाखवला. "बहिरा! मी बहिरा आहे! पो पो पो!"

त्या शुक्रवारी सकाळी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. मीनल नवी साडी नेसून आली. आम्हाला दोन खुर्च्यांवर बसवून पांडेकाकांनी कॅसेट लावली आणि स्वतः आमच्यासमोर, प्लेअरकडे पाठ करून बसले. एलेनी गाऊ लागली. एक शब्द कळत नव्हता. आवाज हळूहळू चढत गेला, थांबला, आणि मग एकदम उंच जाऊन तिथेच राहिला. स्वच्छ, लख्ख, कुठे ओरखडा नाही. मीनलनं माझा हात घट्ट धरला.

पांडेकाका आमच्या तोंडाकडे बघत होते.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. सूर संपेपर्यंत मिटलेलेच होते. मग वाकून मीनलला म्हणाले, "त्या जागी ती दर वेळी मी लिहिलेल्यापेक्षा थोडी वर जायची. मी फार रागवायचो. प्रयोगाच्या दिवशीसुद्धा रागावलो होतो. गेली का?"

मी ते मीनलला मराठीत सांगितलं. सुरातलं आम्हा दोघांनाही काही कळत नाही. मीनलनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, मराठीतच म्हणाली, "गेली हो, पांडेकाका. अन् आता रागवू नका तिला."