डाव्या विंगेची उंची

कला ही उंचावर असते, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. ती नेमकी किती उंचावर असते हे मात्र कोणी सांगत नसे. शहरातल्या जुन्या नाट्यगृहाचं नूतनीकरण करणाऱ्या समितीने टेप लावून हा वाद कायमचा मिटवला. पंचाहत्तर सेंटिमीटर. म्हणजे पाच पायऱ्या.

बाकी सगळीकडे समितीने कलेला जमिनीवर आणलं, आणि त्याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मोठ्या दाराशी उतार आला, त्याला दोन्हीकडून कठडे आले. अंध प्रेक्षकांसाठी पायाला लागतील अशा उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या आल्या (त्या तिकीटखिडकीपासून निघून सरळ एका खांबापर्यंत जातात, वळवल्या असत्या तर नक्षी बिघडली असती). कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खास सूचना आल्या, त्या लाउडस्पीकरवरून देण्यात येतात. रुंद दाराचं स्वच्छतागृह तर इतकं प्रशस्त झालं की बादल्या, झाडू आणि माजी अध्यक्षांच्या तीन तसबिरी ठेवूनही त्यात जागा उरली. फक्त माणसापुरती उरली नाही. आणि पहिल्या रांगेच्या टोकाला दोन खुर्च्या काढून, मखमली दोराने घेरलेला एक चौकोन आला. त्यावर पाटी होती: ‘दिव्यांग प्रेक्षक. कृपया आदर राखावा.’

या सगळ्या सोयी जिच्यासाठी केल्या असं म्हणता येईल अशी एक व्यक्ती समितीच्या चांगल्या ओळखीची होती. आत्या. नाटक मंडळीतले सगळे तिला आत्याच म्हणत, कारण मुख्य नटाची मुलगी तशी हाक मारायची. मुख्य नट म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, दादा. दोन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्यात आत्याचे पाय गेले, आणि तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती. समितीला दुसरं काय हवं?

अडचण एवढीच होती की आत्या प्रेक्षक नव्हती. आत्या प्रॉम्प्टर होती.

सव्वीस वर्षं ती डाव्या विंगेत एका स्टुलावर बसली. मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी. विसरलेलं वाक्य नटाच्या कानी घालायचं, पण पहिल्या रांगेच्या कानी पडू द्यायचं नाही, असं ते काम. कडेवरचं झोपलेलं लेकरू अंथरुणावर ठेवावं तसा शब्द ठेवायचा. त्याला जाग येऊ नये आणि आपला हात रिकामा व्हावा. त्यातही दादाची गोष्ट वेगळी होती. शाळेत कविता म्हणायला उभा राहिला की तो ओळ विसरायचा, आणि ही दाराआडून सांगायची. तो थांबला म्हणजे विसरलाच असं नसे, कधी कधी तो अभिनयही करत असे. पण खरंच विसरला की उजव्या हाताचा अंगठा करंगळीशेजारच्या बोटावर जाई. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. आत्या आजारी पडल्यापासून दादाने तोंडाला रंग लावला नव्हता. आता नव्या नाट्यगृहात पहिला प्रयोग त्याचा व्हावा असं ठरलं, तेव्हा त्याने एकच अट घातली: आत्या डाव्या विंगेत हवी.

आत्याने दिव्यांगांसाठीचा रीतसर नोंदणी अर्ज आणला. अर्जात तीन चौकोन होते: ‘प्रेक्षक, एकटे’, ‘प्रेक्षक, सोबत्यासह’ आणि ‘सत्कारमूर्ती’. आत्याने खाली लिहिलं, ‘काम करायचं आहे.’ अर्ज परत आला. शेरा होता: यांपैकी एक निवडावे.

मग ती व्यवस्थापकांना भेटली.

“ताई, तुमच्यासाठी तर एवढं केलं,” व्यवस्थापक म्हणाले. “दोरसुद्धा मखमली घेतलाय.”

“दोर छानच आहे. पण मला दोराच्या आत नाही बसायचं, पडद्याच्या आड बसायचंय.”

“आड कशाला? तुम्ही समोर दिसल्या पाहिजेत. लोकांना प्रेरणा मिळते.”

“सव्वीस वर्षं कुणाला दिसले नाही साहेब, म्हणून तर नाटकं पार पडली.”

व्यवस्थापक हळवे झाले, पण हळवेपणा आणि आकडेवारी या वेगळ्या फायली असतात. रंगमंचाला उतार हवा की नको, याची समितीने शास्त्रशुद्ध पाहणी केली होती. एक लिपिक सलग तीन दिवस पाचव्या पायरीवर वही घेऊन बसला. चाकाच्या खुर्चीवरून वर आलेल्या व्यक्ती, पहिला दिवस: शून्य. दुसरा दिवस: शून्य. तिसरा दिवस: शून्य. (तिन्ही दिवस एकच आकडा आल्याने तो विश्वासार्ह मानण्यात आला.) मागणी नाही तिथे उतार बांधणं म्हणजे तहान नसलेल्याच्या घशात पाणी ओतणं, असं अध्यक्ष म्हणाले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

“मग एवढं काय त्यात,” व्यवस्थापक म्हणाले. “चार माणसं उचलून नेतील की तुम्हाला.”

“चार जण उचलतात ते अगदी शेवटी. त्या दिवशी मी काही तक्रार करणार नाही.”

पण घरी दादा वही पालथी घालून भिंतीकडे बघत बसलेला असे. तिसऱ्या दिवशी आत्याने अभिमान गिळला आणि निरोप धाडला: बरं, उचला. तोवर समितीने नियम केला होता. कोणत्याही व्यक्तीस उचलून रंगमंचावर नेणे सुरक्षेच्या दृष्टीने मना आहे. (नाटकातली प्रेतं वगळून.)

मंडळीचा सुतार, जो दोन तासांत राजवाडा उभा करायचा आणि अर्ध्या तासात पाडायचा, त्याने हे ऐकलं आणि एक लांब फळी आणून पायऱ्यांवर टाकली.

“बस आत्या, मी मागून धरतो.”

व्यवस्थापक धावत आले. “काढा ती आधी. उतार बारास एक हवा, असा नियम आहे. पंचाहत्तर सेंटिमीटरला नऊ मीटर. ही फळी तीन मीटरसुद्धा नाही.”

“मग नऊ मीटरची टाकतो.”

“ती कॅन्टीनच्या शेगडीत उतरेल. ताईंच्या जिवाशी खेळायचं का आपण?”

“मागच्या नाटकाला याच फळीवरून पियानो चढवला होता,” सुतार म्हणाला.

“पियानोची गोष्ट वेगळी. पियानो पडला तर कोणी आम्हाला जाब विचारत नाही.”

फळी गेली. समितीला अपंगांच्या सोयीचे नियम तोंडपाठ होते, याचा हा पुरावा. एरवी कोण इतकं वाचतं?

“तू नसशील तर मी नाही करत,” दादा त्या संध्याकाळी म्हणाला.

“मग काय घरी बसून माझं डोकं खाणार आहेस? कर गपचूप.”

“विसरलो तर?”

“पहिल्या रांगेत आहे ना मी. अंगठा दिसेल.”

“तुला अंगठा दिसेल गं. मला ऐकू कसं येईल?”

आत्याने त्याच्या सदऱ्याचं सुटू आलेलं बटण ओढून पाहिलं. “येईल,” ती म्हणाली.

प्रयोग रविवारी दुपारी झाला. आधी आत्याला मोठ्या दाराच्या उतारावरून वर आणण्यात आलं, फोटो निघावा म्हणून पुन्हा खाली नेऊन पुन्हा वर आणण्यात आलं. पुष्पगुच्छ देण्यात आला. टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या. मग तिला चौकोनात ठेवून दोर लावण्यात आला.

डाव्या विंगेत वही घेऊन सुतार बसला होता, कारण बाकी सगळ्यांना नाटकात काम होतं. दोन अंक दादा असा रंगला की आत्या वहीशिवायच ओठ हलवत राहिली, एकेका शब्दाला बोट धरून पैलतीरी सोडत राहिली. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नाटकातला बाप, मुलगी निघून गेल्यावर, उघड्या दाराकडे बघत शेवटचं वाक्य म्हणतो. दादा म्हणाला:

“पोरी, तू गेल्यापासून या घरात...”

आणि अंगठा बोटावर गेला.

सुतार पानं उलटत होता. तो अजून दुसऱ्या अंकात होता. आत्याने शब्द सोडला, विंगेतून सोडायची तसाच. तो मधल्या मोकळ्या जागेतच विरला. मग तिने आवाज थोडा चढवला, “या घरात दिवे लागतात...”

“शू!” मागून आवाज आला.

“दिवे लागतात, पण...”

“शू! शू!” आता तो चार-पाच ठिकाणांहून आला. दोरावरून एक हात पुढे झुकला, त्याने आत्याच्या खांद्याला अगदी हळुवार स्पर्श केला. “ताई, नाटक चालू आहे.” शेजारचं कोणी समजूतदार कुजबुजलं, “जाऊ द्या हो, त्यांच्या लक्षात आलं नसेल.”

सव्वीस वर्षांत आत्याने कुणाला वाक्याच्या मध्यावर सोडलं नव्हतं. तिने तोंड मिटलं. दादाने उघड्या दाराकडून नजर काढली आणि पहिल्या रांगेच्या टोकाकडे पाहिलं. तो तसाच उभा राहिला. अर्धं मिनिट, पाऊण मिनिट. त्याचे ओठ थरथरले, डोळे भरून आले, आणि अंगठा बोटावरून हलेना. शेवटी सुताराने विंगेतलं त्याला येत असलेलं एकमेव काम केलं आणि पडद्याची दोरी सोडली.

नाट्यगृह उभं राहिलं. इतक्या टाळ्या त्या छताने कधी ऐकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दादाने पुढचे सगळे प्रयोग रद्द केले, आणि ती वही आत्याच्या मांडीवर ठेवून तो आत निघून गेला. समितीने दिलगिरी कळवली आणि पहिल्या प्रयोगाच्या यशाबद्दल दोघांचं अभिनंदनही केलं.

तुम्ही होतातच तिथे, दुसऱ्या रांगेत. सत्काराला तुम्ही मनापासून टाळ्या वाजवल्यात, आणि शेवटी सर्वांत आधी उभे राहिलात. घरी जाऊन तुम्ही ज्याला त्याला सांगितलंत की अशी शांतता रंगभूमीवर पाहिली नव्हती, एक शब्द न बोलता नट केवढं बोलून गेला. अगदी खरं आहे. फक्त सगळं श्रेय दादाला देऊन मोकळे होऊ नका. त्यात विनय कसला? ती शांतता तुम्हीच केली होती.