कुणाची वाटी?

आमच्या शुक्रवार पेठेत कुणी मोठ्यानं “एक वाटी रवा” म्हटलं, की शेजारच्या वसंतकाकांना धक्का बसायचा. एकदा मी फोनवर बहिणीला शिऱ्याची कृती सांगत होते, तर काका थेट माझ्या ओट्यापाशी. हातात डिजिटल काटा.

“कुणाची वाटी?”

“आमचीच की, काका.”

“अगं, पण ग्रॅम किती? रवा बारीक का जाड? दाबून भरलास का सैल? वाटी म्हणजे काय माप हाय व्हय!”

चेहरा असा, जणू मी शिऱ्यात फिनेल घालायला निघाले होते.

काकांचा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून गेला. निवृत्तीनंतर काही वर्षं गप्प होते. काकू गेल्या आणि काकांनी काटा विकत घेतला. त्या दिवशी त्यांनी माझ्या मांडणीतल्या चार वाट्या काढल्या. प्रत्येक वाटी आधी पालथी करून बघायची, मग पाणी भरून तोलायची. पालथी करणं हीपण शास्त्रीय पद्धत असेल, असं मला वाटलं.

“एकशे सत्तर! एकशे पंचावन्न! चार वाट्या, चार मापं! तुझा शिरा जमतो तरी कसा?”

आता धक्का मला बसला. अठरा वर्षं मी त्या वाट्या एकाच मापाच्या समजत होते.

तीन वर्षांत काकांनी गल्लीतलं एकही घर सोडलं नाही. एका लग्नात तर आचाऱ्याची चिमूटही काट्यावर घ्यायला लावली. “लई गंभीर हाय हे,” आकडा बघून ते म्हणाले. आचारी झारा घेऊन नुसता बघत राहिला.

गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी ज्वारीच्या पिठाचा डबा घासायला काढला. पीठ काढायची वाटी त्यातच असते. धुताना तिच्या बुडाला अक्षरं दिसली : सौ. मालती.

काकांच्या मालतीकाकूंची वाटी! शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्यातून शेंगाचटणी पाठवली होती. रिकामी वाटी कशी परत द्यायची, काहीतरी चांगलं करून भरून देऊ, असं म्हणता म्हणता ती पिठात गेली आणि काकू देवाघरी गेल्या. स्वतःचीच इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वाटीत भाजलेले दाणे घालून मी काकांकडे गेले. त्यांनी सवयीनं वाटी घेतली, दाणे ताटात ओतले, पालथी केली. बुडावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग फळीवरून काकूंची वही काढून माझ्यापुढं धरली. शेंगापोळी : गूळ पाव किलो, दाण्याचं कूट आपल्या दोन वाट्या.

“गूळ तोलून आणायची, म्हणून त्याचं वजन लिवलं. कूट आपल्या वाटीनं! अन् ती वाटीच घरात न्हाय. कुणाकडं गेली, कसं सांगू?”

“अहो, मग विचारायचं की सरळ!”

“गेलेल्या बायकोची वाटी मागत दारोदार फिरू? लाज वाटली गं. काटा घेऊन गेलं की लोक आपणहून वाट्या पुढं करत्यात.”

मी हादरलेच. आम्ही सगळ्यांनी त्या काट्याची काय थट्टा केली होती!

मोहोळला दिलेली त्यांची लेक दर संक्रांतीला येते. तीन वर्षं बापाची शेंगापोळी खाऊन म्हणायची, “छान झालीय, बाबा.”

“आईच्या पोळीला कधी छान म्हणाली न्हाय ती,” काका म्हणाले. “तवाच कळायचं, चुकलं म्हणून.”

“मग आता तोला की ही वाटी.”

“कशाला? वाटी हाय की आता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दारात. त्याच वाटीत शेंगापोळीचे चार तुकडे.

“कशी झाली? काय म्हणाली लेक?”

“काय बोलली न्हाय,” काका म्हणाले. “नुसतं ताट पुढं केलं. दोनदा.” आणि दारातच रडायला लागले.

माझेही डोळे भरून आले. पोळी घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. वाटी काही हातातून सोडली नाही.