सीलबंद कौतुक

बायकोचं कौतुक आपण स्वतः गोळा करायचं, असं रामनाथने ठरवलं आणि तिथेच घोळ झाला. रामनाथ वालीवच्या एका खोक्यांच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळतो.

कौतुकाची गरज होती हे मात्र खरं. त्याची बायको विनिता केळीच्या रोगांवर संशोधन करते. पान वरून हिरवंगार असतानाच आत काय शिजतंय, हे ओळखायची पद्धत तिने शोधून काढली आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तिला बोलावलं. असामान्य गुणवत्तेच्या माणसांना तिथे नोकरीच्या जोरावर कायमचा व्हिसा मिळू शकतो. पुरस्कार, शोधनिबंध सगळं तयार होतं. व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना तुमच्या कामाचा फायदा झाला अशा पाचसहा जणांची पत्रं जोडा. नात्यातले नकोत. पत्रं स्वतंत्र हवीत."

"मी नाही कुणाकडे स्वतःची स्तुती मागणार," विनिता म्हणाली. ती आहेच तशी. तिला पुरस्कार मिळाल्याचंही रामनाथला शेजाऱ्यांकडून कळतं.

"मी आणतो ना," रामनाथ म्हणाला.

आता स्वतंत्र म्हणजे काय, हे वीस वर्षं कोटेशनं मागवणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको. कोटेशन सीलबंद येतं आणि समितीसमोरच उघडतं. (समितीत रामनाथचं काम चहा सांगण्याचं, पण नियम त्याला तोंडपाठ.) दोन रविवार तो स्कूटरवरून निर्मळ आणि वटार या गावांतल्या केळीच्या वाड्या फिरला.

"काय लिहायचं?" पहिल्याच वाडीच्या मालकांनी, जयरामकाकांनी विचारलं.

"ते मला सांगायचंच नाही. विनिताला अमेरिकेला न्यायचा विचार चाललाय. तिच्याबद्दल मनात असेल ते लिहा आणि पाकीट बंद करा."

सहाही पाकिटांवर त्याने स्वतःच्या हाताने लाख ओतली. विनिता म्हणाली, "एकदा वाचून तरी बघू." तर त्याने पाकिटं छातीशी धरली. "तू पार्टी आहेस. तुला बघता येणार नाही." पाकिटं कुरियरने वकीलबाईंकडे रवाना झाली.

गुरुवारी वकीलबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"मिस्टर रामनाथ, ही पत्रं तुम्ही वाचली होती?"

"छे. सील तोडणं नियमात बसत नाही."

"मग जयरामकाकांचं ऐका. 'बाईंनी माझी सहाशे झाडं वाचवली. चांगलं दिसणारं पान हातात धरून म्हणाल्या, हे झाड आजच काढा. मला राग आला, पण काढलं. शेजारची वाडी गेली, माझी उभी आहे. म्हणून साहेबांना हात जोडून विनंती, बाईंना नेऊ नका.'" वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. "बाकीची पाचही याच वळणाची. सालोमीबाईंनी तर व्हिसा नाकारल्यास आभारी राहू, असं लिहिलंय."

अर्ज त्याच आठवड्यात जायला हवा होता, नाहीतर विद्यापीठातली जागा दुसऱ्याला मिळणार होती. बायकोची दहा वर्षांची मेहनत रामनाथने लाख लावून बुडवली होती.

"शेवटच्या ओळी कापता येतील," तो पुटपुटला.

शेजारी बसलेली विनिता डोळे पुसत होती. "एक अक्षर कापायचं नाही. इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलेलं नाही. अर्ज गेला तर गेला."

रामनाथला तिचा इतका अभिमान वाटला, की आपण केवढा गाढवपणा केलाय हे तो थोडा वेळ विसरूनच गेला.

पत्रं भाषांतर होऊन जशीच्या तशी गेली, आणि दोन महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. वकीलबाई म्हणाल्या, अख्खं गाव जिला सोडायला तयार नाही, तिच्या गुणवत्तेला आणखी कसला पुरावा हवा?

बातमी कळताच पत्र लिहिणाऱ्या सहांपैकी गॉडफ्रे वटारहून सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा पुडा घेऊन आला. पुडा विनिताच्या हातात दिला आणि तोंड पाडून बसला.

"हे अमेरिकावाले पत्र पुरतं वाचत नाहीत," तो म्हणाला.

"का हो?" रामनाथने विचारलं.

"मी त्यांना सरळ तोड काढून दिली होती. कुणाला तरी न्यायचंच असेल तर बाईंच्या मिस्टरांना न्या. त्यांच्यावाचून इथे कुणाचं काही अडत नाही."

"असं एका माणसाच्या शब्दावर कसं चालेल," रामनाथ कसंनुसं हसत म्हणाला.

"एकाच्या नाही. तुमच्या कारखान्याचे मालक माझे साडू. त्यांचीही खाली सही घेतली होती."