नॉर्मल रिपोर्ट

आमच्या खरवईच्या सोसायटीत भोईरकाका भेटले की नमस्कार करायचा नाही, तोंड उघडायचं. "आ करा बघू," म्हणत ते खिशातून छोटी बॅटरी काढतात आणि तुमच्या हिरड्या तपासतात. काका डॉक्टर नाहीत. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका लॅबमध्ये तीस वर्षं लोकांचं रक्त काढून रिटायर झालेत. पण निदान करायला ते कधी अडले नाहीत. लिफ्टवरून भांडणाऱ्या चेअरमनना त्यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं, "हा राग तुमचा नाय. दाढेखाली सूज आहे." चेअरमन भडकले आणि आठ दिवसांनी दाढ काढून आले. तेव्हापासून काकांना आवरणं कठीण झालं.

"सूज आहे सूज! मन-बिन काय नसतं," हे त्यांचं पालुपद. कॅम्पातला सिंधी कापडवाला उदास दिसला, तर त्यालाही म्हणाले, "रक्तातली सूज कळते, सीआरपी करून घे." तो वैतागला, "अरे भाऊ, धंदा ठंडा है, उसका सीआरपी निकालूँ क्या?"

मी पोट धरून हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

काकू गेल्यापासून घरात काका आणि त्यांची मुलगी प्राची, दोघंच. प्राची अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात होती. भारी बडबडी पोर. तिला चिकुनगुनिया झाला. ताप गेला, सांधेही मोकळे झाले, पण ती उठेना. आधी नोकरी सुटली, मग केस विंचरणं, मग बोलणं. "तापाची सूज आहे, उतरली की उठेल," म्हणत काकांनी तिला हळद पाजली, जवस खाऊ घातलं. शेवटी मी बळेच दोघांना मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, रक्तही तपासायला सांगितलं. गोळ्यांना प्राचीनं हात लावला नाही.

रिपोर्ट आणायला मी काकांबरोबर त्यांच्या जुन्या लॅबमध्ये गेलो. सगळं नॉर्मल होतं. असा रिपोर्ट आला की लोक पेढे वाटतात. काका पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले.

"काका, चांगलंच झालं की!"

"कसलं चांगलं? सूज नाय, म्हणजे हे माझ्याच रक्तातनं गेलंय. माझी आई वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. लग्नानंतर मीपण दीड वर्ष तसाच पडून होतो. प्राचीला हे माहीत नाय. मला कळत होतं, तरी पोर होऊ दिली."

मी त्यांना हात देऊन उठवलं. आम्ही तसेच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "इतकं सरळ नसतं, भोईर. घराण्यातून येतो तो फक्त कल. त्यात आजारपण, अंगातली सूज, दुःख यांची भर पडते. सूज प्रत्येकाच्या रक्तात दिसतेच असं नाही. कशाचा किती वाटा, हे मलाही सांगता येणार नाही. औषधानं बरं वाटू शकतं, पण तिनं ते घ्यायला हवं."

घरी आल्यावर काका तिच्या खाटेशी उभे राहिले. मी दारातच थांबलो.

"प्राची, मीपण असाच पडून होतो. तू व्हायच्या आधी. तुझी आजीपण. तुला सांगायची हिंमत झाली नाय."

एवढं बोलून ते मान खाली घालून उभे राहिले. आता ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. कितीतरी दिवसांनी प्राचीनं कूस बदलून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कसे उठलात?"